चुक्याचं बी

ईरा आणि ओम,

परवा व्हिडिओ कॉलवर ईरानं विचारलं, आजी, तू सारखी उठून कुठे जातेस? मी म्हटलं, दूध बघायला. ते खरं नव्हतं. गॅसवर दूध नव्हतंच. मी मागच्या अंगणात जाऊन एक वाफा बघून येत होते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, हातानं फोडून भुसभुशीत केलेली काळी माती, आणि त्या मातीवर काहीच नाही. आजही नाही. आंबट चुका पेरला की पाचव्या-सहाव्या दिवशी वर येतो, थंडी लवकर पडली असेल तर आठव्या. आज नववा दिवस. चुक्याची नोंद ठेवायला माझ्याकडे एक वही आहे आणि तिच्यात आजवर कधी नवव्या दिवसाची ओळ लिहावी लागली नव्हती. म्हणून वही मिटून तुम्हाला लिहायला बसले. निदान हात तरी गुंतलेले राहतील.

तुमच्या तिकडच्या बाजारात ‘सॉरेल’ म्हणून एक लांब पानांची जुडी मिळते, ती मी पाहिली आहे. चुका तिचाच बुटका भाऊ. पान जाड, चमच्यासारखं, मोडलं की कडकन आवाज करणारं. आमच्या वाफ्यातला चुका त्यातही वेगळा. त्याचं पान अंगठ्याएवढंच होतं आणि देठाशी लाली असते. तुमच्या पणजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो माहेराहून आणला होता. चांदूर बाजारच्या पुढचं एक लहानसं खेडं. तिथून लुगड्याच्या पदराला बांधून आलेलं बी अकोल्याच्या या अंगणात दरवर्षी पेरलं गेलं. गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र नाही. एक हिवाळा मी तुमच्याकडे होते, दुसरा गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला. बाटलीतलं बी तीन वर्षांचं झालं. हे बी आता दुसऱ्या कोणाकडेच नाही. उगवलं नाही तर संपलं.

एकदा उठून बघून आले. नाही.

दिवाळीची रांगोळी पुसली की अकोल्याची हवा बदलते. उन्हाची धार जाते, पण जमीन अजून तापलेली असते. सकाळी बाहेर पडलं की सरकीचा तेलकट वास येतो, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकलेला दिसतो. चुका पेरायचे दिवस हेच. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. चुक्याला दोन्ही सोसत नाही. म्हणून वाफा चार बोटं उंच करायचा, शेणखत आणि थोडी राख मिसळायची, बी फेकून पेरायचं आणि वर मातीची नुसती भुरभुर. झारीनं पाणी, तेही हलकं. इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा भाज्या धुतलेलं पाणी मी वाफ्यासाठी साठवते. सव्वा महिन्यानं पहिली कापणी. मुळापाशी चार बोटं सोडून बाहेरची पानं कापायची, आतला कोंभ राखायचा. मग तो पुन्हा फुटतो, तीन वेळा, चार वेळा. माघ संपता संपता मधून दांडा वर येतो आणि भाजीचे दिवस संपतात. मुतखडा असलेल्यांनी खाऊ नये. तुमच्या आजोबांना तो होता, आणि ते खायचे.

हे सगळं मला आता पाठ आहे. लग्न झालं तेव्हा यातलं एक अक्षर येत नव्हतं. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. चुक्याचं लॅटिन नाव रुमेक्स, ते येत होतं. कुळ येत होतं. देठाचा आडवा छेद काढून त्याला नावं देता आली असती. बी कसं दिसतं हे मात्र कधी पाहिलेलं नव्हतं.

माघात लग्न झालं. होळी झाल्यावर सासूबाईंनी वाफ्यातले वाळलेले दांडे उपटून मागच्या अंगणात पोत्यावर पसरले आणि त्या मूर्तिजापूरला एका लग्नाला चार दिवस गेल्या. मला वाटलं, त्या येईपर्यंत हे काम उरकून ठेवावं. दुपारच्या वाऱ्याला दांडे गच्चीवर नेले, हलक्या हातानं चोळले आणि सूप घेऊन पाखडायला बसले. वाळलेल्या फुलांचा गुलाबी, कागदासारखा कचरा भराभर उडाला. दिसायला इतका सुंदर होता की मी दोन-तीनदा थांबून बघत राहिले. सुपात शेवटी थोडी माती, काड्या आणि चिमूटभर काळं, चकाकणारं, मोहरीहून बारीक बी राहिलं. ते निवडून स्वच्छ बाटलीत भरलं. चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर इंग्रजीत ‘रुमेक्स’ लिहिलं. सासूबाई आल्यावर बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि फडताळात ठेवून दिली.

तुम्ही ओळखलं असेल. तो गुलाबी कागद म्हणजेच चुक्याचं बी. त्या पापुद्र्याच्या पोटात ते असतं आणि पापुद्र्यासकटच पेरायचं असतं.

कार्तिकात मीच वाफा पेरला. चौथ्याच दिवशी लालसर कोंभांनी भरला. मी खूश. सासूबाई वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या, एक रोप उपटलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. म्हणाल्या, “हा त काटेमाठ आहे.” मग बाटली मागितली. तळाशी राहिलेले दाणे तळहातावर घेतले आणि बोटानं पसरून पाहिले. दांड्यांबरोबर उपटून आलेलं ते तण होतं. मी काय उडवलं आणि कुठे, ते सांगितलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, “बाटलीवर इंग्रजी होतं, म्हून म्या उघडून पायलं नाई. म्हटलं, शिकल्या पोरीनं भरलं आहे.”

आणि त्या गच्चीवर गेल्या. चैत्रात उडवलेलं बी कार्तिकात शोधायला. मधे सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा गेला होता.

तो हिवाळा मला पुन्हा पुन्हा आठवतो. बाकीच्यांसारखाच होता खरं तर. सकाळी चुलीवर पाण्याचं भगोणं, तुरीच्या ओल्या शेंगा, उन्हात पाठ करून बसणं. पण सासूबाई बसेनात. डाळ निवडता निवडता उठायच्या, मागे जायच्या, परत यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, मांजर आलं होतं. आम्ही काटेमाठ उपटून टाकला होता. त्या रिकाम्या वाफ्याला त्या रोज संध्याकाळी पाणी घालायच्या. मी गल्लीतली नाली, शेजारच्या भिंतीचा पाया, म्युनिसिपालिटीच्या नळाचा ओटा, सगळीकडे बघत फिरले. लोकांना वाटायचं माझं कानातलं हरवलं आहे. एक रोपही कुठे सापडलं नाही.

बाजारातून मी चुक्याचं दुसरं बी आणलं. त्यांनी पुडी उघडलीही नाही. पौषात त्यांच्या आईची तिथी यायची आणि त्या दिवशी पानात चुक्याची भाजी असायचीच, डाळ-दाणे घालून, लसणाशिवाय. त्या वर्षी मी बाजारातली जुडी आणली, रुंद, हिरवीगार. त्यांनी ती निवडली, शिजवली, पान वाढलं, गायीला घास दिला. जेवताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी भाजी सगळी संपवली आणि हात धुताना म्हणाल्या की आंबट आहे, पण कोणाची आहे ते कळत नाही.

तेच बी आणखी एका घरी होतं. अमरावतीला, त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, आमच्या मावशींकडे. आईनं दोघींना सारखं वाटून दिलेलं. पण त्या दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारपणात मावशींनी तीन महिने आईचं सगळं केलं. सासूबाईंना लहान मुलं आणि कापूस वेचणीचे दिवस सोडून दोनदाच जाता आलं, तेही दोन-दोन दिवस. तेराव्याला मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या की तू पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी जा. सासूबाई न जेवता उठल्या त्या उठल्याच. तुमच्या आजोबांनी त्या हिवाळ्यात सुचवलं की मावशीला पोस्टकार्ड टाकू. त्यावर सासूबाई म्हणाल्या, बी असं कार्डानं मागत नसतात. पण रागावल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवलं.

माघात एक दिवस सकाळी त्या मला म्हणाल्या, लुगडं बदल, अमरावतीला जायचं आहे. एस.टी.त त्यांनी तीनदा जागा बदलली. ऊन लागतं, वारा लागतो, धूळ येते. बडनेरा आलं तेव्हा म्हणाल्या, इथूनच परतावं का? माझ्यामुळे हे चाललं होतं आणि मला काही बोलायचा हक्क नव्हता.

मावशींनी दार उघडलं. एकदा ताईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मलाच म्हणाल्या, चप्पल बाहेर काढ. चहा झाला. मृगबहाराची संत्री सोलून ताटलीत ठेवली. सगळं बोलणं माझ्याशी, माझ्या माहेराबद्दल, नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल. शेवटी ताटलीकडे बघत त्यांनी विचारलं, कोणाचं बरं-वाईट झालं का?

“नाई,” सासूबाई म्हणाल्या. “चुक्याचं बी पायजे होतं.”

“बी पायजे म्हून आली. मी पायजे म्हून अकरा वर्सांत नाई आली.”

सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मग मावशींनी विचारलं की त्यांच्याजवळचं कुठे गेलं. सासूबाई म्हणाल्या, “माह्या हातून गेलं.”

“तुह्या हातून? तू त मोहरीचा दाना सांडत नाईस.” मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी ताटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “संत्रं खा.” मी खाल्लं.

मावशींच्या अंगणात चुक्याचे दांडे उभे होते, कमरेएवढे नाही, पण गुडघ्याच्या वर. पापुद्रे अजून हिरवट होते, कडेला नुकती लाली. सासूबाईंनी खाली वाकून एक दांडा ओंजळीत धरला. मावशी मागून म्हणाल्या, आत्ता तोडलं तर कच्चं निघेल, होळीच्या दिवशी ये. सासूबाई म्हणाल्या, मातीसकट दोन झाडंच दे. “झाड देत नाई. बी देईन. तुले पुन्हा याच लागंन,” असं म्हणून त्या आत गेल्या आणि आम्ही रिकाम्या हातांनी अकोल्याला परत आलो.

तो महिना सरता सरेना. सासूबाई कॅलेंडर बघायच्या आणि मी त्यांच्याकडे. होळीला चार दिवस होते तेव्हा संध्याकाळी आभाळ पिवळं झालं आणि गारा पडल्या. बोरांएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्र्यावरचा आवाज इतका की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एक गार उचलली आणि ती विरघळेपर्यंत मुठीत धरून ठेवली. हात लाल झाला होता. अमरावतीला पडल्या असतील का, हे विचारायला तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. धरली. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू झोपलेला, हरभरा झोडपलेला. सासूबाई खिडकीतून एकेक शेत बघत होत्या, जणू त्यातलं प्रत्येक त्यांचं होतं.

मावशींच्या अंगणात वाफ्यावर खाट होती. खाटेवर भिजून दगड झालेली गोधडी. खाटेबाहेरचा चुका मातीला मिळाला होता, खाटेखालचा उभा होता. मावशी परसदारातून आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या दंडापासून कोपरापर्यंत निळे वळ दिसले. वाऱ्यानं गोधडी उडत होती म्हणून त्या ती धरून उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावर पितळी परात घेऊन. परातीला दोन पोचे पडले होते, ते त्यांनी आम्हाला दाखवले.

सासूबाई म्हणाल्या, “काहून उभी राहिली व? मरायचं होतं का तुले?”

“तू येनार होती,” मावशी म्हणाल्या. “आल्यावर तुले काय दाखवलं असतं?”

सासूबाईंनी स्वयंपाकघर विचारलं नाही, शोधलं. तेल-हळद गरम करून आणली आणि बहिणीचा हात मांडीवर घेऊन बसल्या. मी बाहेर खाटेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आतून भांडणाचा आवाज यायला लागला. बी फडक्यात ठेवावं की भोपळ्याच्या वाळल्या तुंब्यात, यावर. मला आयुष्यात कुठल्या भांडणाचा इतका आनंद झालेला नाही.

आम्ही तिथेच राहिलो; आठ दिवसांनी उरलेलं बी पिकलं. मावशींनी मला शेजारी बसवून दाखवलं: दांडा डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं खालून वर, पापुद्रे अलगद ओंजळीत. “सूनबाई, हे पाखडत नसतेत,” त्या सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. मी वर पाहिलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूबाईंनी सांगितलं होतं, की मावशींनी आपणहून ओळखलं होतं, ते मला अजून माहीत नाही.

तेव्हापासून दर होळीला दोघी भेटत. एक वर्ष अकोल्याला, एक वर्ष अमरावतीला. प्रत्येकीनं आपल्या वाफ्याचं अर्धं बी दुसरीला द्यायचं. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी राहतं, असं सासूबाई म्हणायच्या. मला त्यात थोडा वेडेपणा वाटायचा. तेच बी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मी दोन्ही वाट्यांना वेगळ्या चिठ्ठ्या लावायचे, आता मराठीत.

सासूबाई गेल्या. सहा वर्षांनी मावशी गेल्या. त्यांचा मुलगा पुण्याला, अंगणाच्या जागी पार्किंग आहे. मी पेरत राहिले. कीड पडू नये म्हणून कडुलिंबाचा पाला, दमट हवा लागू नये म्हणून घट्ट झाकणाची बाटली, वहीत पेरणी, कापणी, उतारा. माझं सगळं टापटीप होतं. फक्त दुसरं घर शोधायचं राहिलं. इतक्या वर्षांत अर्धं बी कोणाला द्यावं हे मनात आलं नाही. भाजी वाटली, शेजारीपाजारी भरपूर वाटली. बी माझ्या कपाटात ठेवलं. सुपातून उडालं ते एका दुपारची चूक होती आणि तेव्हा मी बावीस वर्षांची होते. या दुसऱ्या चुकीला मला असं काही म्हणता येत नाही.

परवा इथे थांबले होते. आज अकरावा दिवस. पहाटेचा गारवा होता, शाल घेऊन बाहेर गेले आणि वाफ्यात हिरवे ठिपके. मोजले, तेवीस. वहीत लिहिलंसुद्धा. तेवढ्यात कांताबाई आली. ती आपल्याकडे पंधरा वर्षं भांडी करते, तुम्ही तिला ओळखता. तिला हाताला धरून दाखवलं. ती वाकली, म्हणाली, “काकू, हे घोळ आहे. चांगली आहे, भाजी होते.” मग माझा चेहरा बघून म्हणाली की तिचीपण नजर कमी झाली आहे, दोन दिवस थांबून बघू. मी वहीतली ओळ खोडली.

बारावा दिवस. घोळ उपटली नाही, हात पुढे होईना. त्यात एखादा चुका असला तर? दुपारी ऊन उतरल्यावर कांताबाईनं खुरपं माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः बसली. एकेक रोप बोटानं बाजूला करत गेली. बोलत होती ते घरचंच, तिच्या सुनेचा सातवा चालू आहे, तिला सारखं आंबट लागतं, चिंचा खाऊन दात आंबले. मी तिच्या बोटांकडे बघत होते. कोपऱ्याकडे ती थांबली. “हे काय आहे मंग?” म्हणाली.

दोन लांबट पानं, जाड, आणि मुळाशी लाली. मी गुडघ्याचं विसरून खाली बसले. उठताना तिला मला ओढावं लागलं.

आज सोळावा दिवस. नऊ रोपं आली आहेत, यापुढे आणखी येतील असं वाटत नाही. यंदा कापणी नाही; सगळी बियांसाठी ठेवायची. कांताबाईच्या घरी नळाशेजारी हातभर जागा आहे, सकाळचं ऊन येतं, ते मी रिक्षानं जाऊन स्वतः बघून आले. तिला सांगितलं की सुनेला चुका बाजारातून मी आणून देईन, पण याचं एक पान तोडायचं नाही. ती म्हणाली, काकू, लेकराची शपथ घालू का? मी म्हटलं, नको, पाणी हलकं घाल. चार रोपं मातीच्या गोळ्यांसकट पाटीत ठेवून काल संध्याकाळी ती घेऊन गेली. आज सकाळी येताना तिनं सांगितलं, चारही उभी आहेत.

पाच माझ्याकडे, चार तिच्याकडे. इतकं शिल्लक आहे.